कुत्रा ऐकत का नाही? घरातल्या कुत्र्याला वळण लावताना नेमकं चुकतं कुठे

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जातं. नामदेवांची एक गोष्ट मराठवाड्यात लहानपणी बहुतेकांच्या कानावर पडलेली असते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव काठी घेऊन नाही, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी कशाला खातोस, तूप तरी लावून घे, म्हणून. गोष्ट भूतदयेची आहे आणि ती तशीच ऐकायची. पण एखाद्या श्वान प्रशिक्षकाला ती सांगितली, तर तो हसून म्हणेल की कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी तो एक गोष्ट पक्की शिकला: भाकरी पळवली की मागून तूपही येतं.

घरात कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. नामदेवांची करुणा असतेच असं नाही, पण तुपाची वाटी मात्र नकळत रोज पुढे केली जाते. जेवताना कुत्रा ताटाजवळ येऊन भुंकतो, त्याला गप्प करायला चपातीचा तुकडा टाकला जातो. पाहुणा आला की तो अंगावर उड्या मारतो, सगळे ‘अरे अरे’ करत त्याला धरतात, म्हणजे पुन्हा सगळं लक्ष त्याच्याकडेच. मग घरचे वैतागून म्हणतात, ‘हा ऐकतच नाही.’ खरं तर तो फार नीट ऐकतोय. आपण काय शिकवतोय, तेच आपल्याला कळत नाही.

वसमतसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न आता वाढताना दिसतो. आधी कुत्रा असायचा तो गल्लीचा नाहीतर शेतातल्या आखाड्यावरचा. त्याला ‘घरात कसं वागायचं’ हे शिकवायची गरजच नव्हती, कारण तो घरात नसायचाच. आता दोन खोल्यांच्या घरात लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन येतात. रीलमधला कुत्रा हात मिळवतो, सांगितलं की लोळतो, आणि आपला मात्र सोफा फाडतो. चांगला प्रशिक्षक जवळपास मिळेलच असं नाही. पण घरातल्या साध्या वळणासाठी त्याची फारशी गरजही पडत नाही. लागतात ते दिवसातले पंधरा-वीस मिनिटं आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.

कुत्रा शिकतो कसा?

नियम एकच आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. ज्या वागण्यानंतर काहीतरी हवंहवंसं मिळतं, ते वागणं प्राणी पुन्हा करतो. ज्यातून काहीच मिळत नाही, ते हळूहळू सोडून देतो. अमेरिकेतल्या एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून हे मांडलं आणि पुढे बी. एफ. स्किनर यांनी त्यावर अख्खं शास्त्र उभं केलं.

यातली कळीची गोष्ट म्हणजे वेळ. कुत्रा बसला आणि पुढच्या एक-दोन सेकंदांत त्याला खाऊ मिळाला, तर त्याला कळतं की बसण्याचं हे बक्षीस आहे. तुम्ही आत जाऊन डबा उघडून खाऊ आणेपर्यंत तो उठून उभा राहिलेला असतो, म्हणजे बक्षीस मिळालं ते उठण्याचं. शिक्षेचंही तसंच. दुपारी चप्पल फाडली आणि संध्याकाळी दुकान बंद करून घरी आल्यावर तुम्ही त्याला बदडलंत, तर त्याच्या डोक्यात चप्पल आणि मार यांचा काहीच संबंध लागत नाही. त्याला एवढंच समजतं की मालक घरी आला की मार पडतो.

‘पण त्याला कळतं ना! चेहरा बघा कसा पाडतो,’ असं यावर हमखास ऐकू येतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधक महिलेने २००९ साली नेमकं हेच तपासलं. प्रयोगात काही वेळा कुत्र्याने मनाई असलेला खाऊ खाल्लेला होता, काही वेळा नव्हता, आणि मालकाला मुद्दाम चुकीची माहितीही दिली गेली. तो ‘अपराधी चेहरा’ कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर अवलंबून नसल्याचं दिसलं. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा. म्हणजे कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट आत घेणं ही चुकीची कबुली नाही. समोरचा माणूस चिडलाय, त्याला शांत करायची ती धडपड आहे.

‘त्याला कळू दे, मालक कोण आहे ते’

कुत्र्याला मुठीत ठेवलं नाही तर तो डोक्यावर बसतो, हा समज जगभर आहे. त्याचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका जागी ठेवल्यावर ते वर्चस्वासाठी भांडत होते. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० मधल्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना सगळीकडे पसरली. मग श्वान प्रशिक्षकांनी ती उचलली: कुत्र्याला उलटा पाडा, मान दाबा, आधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा.

गंमत म्हणजे ही कल्पना खोडायला पुढे आले ते मेकच. जंगलातल्या लांडग्यांचा बरीच वर्षं अभ्यास केल्यावर त्यांनी १९९९ मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप हे मुळात एक कुटुंब असतं. आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे ‘अल्फा’ वगैरे कुणी लढून होत नाही. आणि कुत्रा तर लांडगाही नाही, हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर आणि ओसरीवर वाढलेला प्राणी आहे.

मारून कुत्रा गप्प होतो, हे खरं आहे. पण गप्प होणं आणि शिकणं यांत फरक आहे. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते: मला हे सहन होत नाही, लांब हो. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरायचं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. ‘काहीच केलं नाही हो, अचानक चावला,’ अशा कित्येक घटनांमागे हे असतं.

पोलिसांचे कुत्रेही मारून तयार होतात असं अनेकांना वाटतं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत स्फोटकांचे मोठे साठे शोधून देणारा ‘झंजीर’ हा लॅब्राडोर महाराष्ट्रात आजही आठवला जातो. त्याचं प्रशिक्षण पुण्यातल्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झालं होतं. वास शोधणाऱ्या कुत्र्यांच्या कामाचा पाया खेळ हाच असतो. ठरावीक वास सापडला की आवडता चेंडू मिळतो. कुत्र्याच्या लेखी ती स्फोटकं नसतातच, ती चेंडूकडे जायची वाट असते.

पिल्लू घरी कधी आणायचं?

हिवाळ्यात गल्लोगल्ली पिल्लं दिसतात आणि डोळे उघडले न उघडले तोच मुलं एखादं उचलून घरी आणतात. इथेच पहिली गडबड होते. पिल्लू किमान आठ आठवडे आई आणि भावंडांजवळ राहायला हवं. भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळून खेळ थांबवतं. चावा किती जोराचा असावा, हे पिल्लू तिथे शिकतं. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढे माणसाच्या हातावर तो गिरवतं.

दुसरं म्हणजे साधारण तीन ते चौदा आठवड्यांचा काळ. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बरीच वर्षं पिल्लांवर अभ्यास केला आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. या वयात पिल्लाला जे काही शांतपणे बघायला मिळतं, ते त्याला पुढे ‘आपलं’ वाटतं. जे मिळत नाही, त्याची भीती बसायची शक्यता वाढते. म्हणून या काळात त्याला दाढीवाले, टोपीवाले, धोतरातले आजोबा, बुरखा घातलेल्या बाया, हेल्मेट घातलेला मोटारसायकलवाला, काठी टेकत चालणारं माणूस, शाळेतून सुटलेली पोरं, बैल, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली, मिक्सर, कुकरची शिट्टी हे सगळं दाखवायचं. लांबून, हळूहळू, खाऊ देत देत.

पण लसीकरण पूर्ण व्हायच्या आत बाहेर कसं न्यायचं? पार्व्होचा धोका असतोच. त्यामुळे गल्लीच्या मातीत न सोडता कडेवर घेऊन फिरवायचं, गाडीवर दोघांत बसवून बाजाराच्या कडेला उभं राहायचं, पाहुण्यांना घरी बोलवायचं. पहिल्या लसींचं वेळापत्रक पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना पशुवैद्याकडून घ्यावं. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, आणि पुढे दरवर्षी.

जात निवडताना मराठवाड्याचा उन्हाळा लक्षात ठेवलेला बरा. हस्की किंवा सेंट बर्नार्ड हे बर्फातले कुत्रे आहेत. पारा चाळीशीपार गेल्यावर त्यांची चिडचिड ही वळणाची समस्या उरत नाही, ती सरळ त्रासाची असते. मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकातला कारवान हा इथल्या हवेचा कुत्रा. पण तो शिकारी आहे. कोंबडी किंवा शेळीचं करडू पळताना दिसलं की त्याचे पाय आपोआप सुटतात. त्याला रोज धावायला मिळालं नाही तर तो घर खणून काढेल. गल्लीतलं गावठी पिल्लू चपळ, काटक आणि शिकायला हुशार असतं. त्याच्याकडे कमीपणाने बघायचं काही कारण नाही.

शी-शूची सवय

यात हुशारीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. पिल्लू तीन वेळांना हमखास शू करतं: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर. या तिन्ही वेळा, आणि एरवी दर दोन तासांनी, त्याला उचलून अंगणात किंवा गच्चीवर ठरलेल्या एकाच जागी न्यायचं. तिथे गप्प उभं राहायचं. झालं की लगेच, तिथेच, कौतुक आणि खाऊ. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ कामाचा नाही, तो घरात येण्याचा खाऊ होतो. रात्री पिल्लाला साधारण त्याच्या वयाच्या महिन्यांपेक्षा एखादा तासच जास्त दम धरता येतो. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लासाठी रात्री एकदा उठावं लागणार, त्याला इलाज नाही.

घरात झालं तर? नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं हे सगळं बंद. यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते अंगणातही तुमच्यासमोर करत नाही, आणि आत येऊन पलंगाखाली जाऊन करतं. डाग कोमट पाण्यात धुण्याची पावडर घालून धुवायचा. अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नये. त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच लागतो आणि जागा पक्की होते.

चार शब्द, आणि घरभर तेच

आई म्हणते ‘बस’, मुलगा म्हणतो ‘सीट’, शेजारचे चाचा म्हणतात ‘बैठ’, आणि आजी म्हणते ‘अरे बाबा बस की रे आता गप’. कुत्र्याला मराठी, इंग्रजी, हिंदी यातलं काहीच येत नाही. त्याच्यासाठी हे चार वेगळे आवाज आहेत. घरात एक कागद भिंतीवर चिकटवून शब्द ठरवून टाकावेत. घरातल्या वळणासाठी ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ आणि ‘सोड’ एवढे चार पुरतात.

खाऊ म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा. उकडलेलं चिकन किंवा अंडं, पनीर, उकडलेलं रताळं, साधी चपाती. शाकाहारी घरात काही अडत नाही. दिवसभरात दिलेला खाऊ त्याच्या जेवणातून वजा करायचा, नाहीतर वळण लागेल आणि पोटही सुटेल. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगम हे कुत्र्यासाठी विषारी ठरू शकतं. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात, तीही नकोत.

‘बस’ शिकवायला खाऊ त्याच्या नाकाजवळ धरून हळूच डोक्याच्या वर आणि मागे न्यायचा. मान वर जाते तसं बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की लगेच खाऊ. पाठ दाबून बसवायचं नाही. दहा-पंधरा वेळा जमलं, की मग हाताच्या त्या हालचालीआधी ‘बस’ हा शब्द जोडायचा. शब्द आधी आणि काम नंतर, ही घाई बहुतेकांची होते.

‘ये’ हा जिवावरचा शब्द आहे. फाटक उघडं राहिलं आणि कुत्रा रस्त्यावर पळाला, तर हाच एक शब्द त्याला ट्रकखाली जाण्यापासून वाचवू शकतो. म्हणून एक कडक नियम: ‘ये’ म्हणून बोलावून कधीच रागवायचं नाही, आंघोळ घालायची नाही, साखळी अडकवायची नाही. तो काम तुम्ही स्वतः त्याच्याकडे जाऊन करा. ‘ये’ म्हटल्यावर तो आला, मग कितीही उशिरा का येईना, सगळ्यात चांगला खाऊ त्याच वेळी. दहा मिनिटं पळवून आल्यावर रागाने त्याच्या पाठीत धपाटा घातला, की पुढच्या वेळी तो वीस मिनिटं पळवतो.

‘सोड’ हा अदलाबदलीचा धंदा आहे. तोंडात चप्पल आहे, तुम्ही मागे धावलात तर तो खेळ झाला. त्याऐवजी चप्पलपेक्षा भारी काहीतरी नाकासमोर धरायचं. तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. ‘थांब’ शिकवायला दारापेक्षा चांगली जागा नाही. दार थोडं उघडा, तो पुढे घुसला की बंद करा. थांबला की पूर्ण उघडा. दार हेच बक्षीस.

हे सगळं पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. तापलेल्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात. रस्त्यावर आपला तळहात काही सेकंद टेकवता येत नसेल, तर त्यालाही तिथे चालवू नये.

अंगावर उड्या, हाताला चावे

उडी मारणारा कुत्रा तुमचं लक्ष मागत असतो. ‘खाली हो’ म्हणत त्याला ढकलणं हेही लक्षच. उपाय कंटाळवाणा आहे: हात छातीशी घ्यायचे, पाठ फिरवायची, काही बोलायचं नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच वळून लाड. सुरुवातीचे काही दिवस तो आणखी जोरात उड्या मारेल, कारण आजवर चाललेली युक्ती अचानक चालेनाशी झाली. नेमकं याच वेळी घरातलं कुणीतरी विरघळतं. आठवडाभर पाठ फिरवली आणि आठव्या दिवशी मामांनी ‘राहू दे रे, लाडात आलाय’ म्हणत कुरवाळलं, की तो शिकतो: जास्त वेळ उड्या मारल्या की मिळतं. कधी मिळणारं, कधी न मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं. पाहुणे येणार असतील तर त्यांना फाटकाबाहेरूनच फोनवर सांगून ठेवणं सोपं. त्यांना जमणार नसेल, तर तेवढा वेळ कुत्रा दुसऱ्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन.

तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येत असतात, हिरड्या शिवशिवतात. ओलं करून फ्रीजरमध्ये गोठवलेलं जाडं फडकं, गार गाजर, रबरी खेळणं द्यावं. हाताला चावलं की खेळ तिथेच थांबवून अर्धा मिनिट उठून जायचं. जुनी चप्पल खेळायला द्यायची नाही. जुनी आणि नवी यांतला फरक फक्त आपल्याला कळतो.

आखाड्यावरची साखळी

वसमत हळदीचा तालुका. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हळद काढणी आणि शिजवणीच्या दिवसांत शेतावर एकदम माणसांची वर्दळ वाढते. मजूर येतात, टेम्पो येतात, रात्री जागरण असतं. वर्षभर जो कुत्रा आखाड्यावर एका खुंटीला बांधलेला असतो, ज्याने सालगडी आणि मालक सोडून तिसरं माणूस जवळून पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर ही गर्दी अचानक येते. साखळी तुटली किंवा एखादं मजुराचं लेकरू खेळता खेळता साखळीच्या टप्प्यात गेलं, की नको ते होतं.

‘बांधून ठेवला की तिखट होतो’ असं शेतकरी सांगतात. ते चूक नाही, पण ते तिखटपण म्हणजे राखण नव्हे. बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर पळून जाता येत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे चावण्याचा एकच मार्ग उरतो. तो चोर आणि लेकरू यांत फरक करत नाही. राखणीला खरं तर भुंकणं पुरतं, आणि त्यासाठी कुत्रा माणसांना ओळखणारा असला तरी चालतो.

कायदाही इथे लागू होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार फार आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं हा गुन्हा आहे. दुसरीकडे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार कारवाई होऊ शकते. सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गल्लीत ‘छू’ म्हणून कुत्रा अंगावर सोडायला शिकवणाऱ्या पोरांच्या घरच्यांना हे माहीत असलेलं बरं.

करायचं काय? दिवसातून दोनदा सोडून फिरवायचं. शक्य असेल तर खुंटीऐवजी तारेचं कुंपण. काढणीच्या आधीच एक-दोन मजुरांना लांबून खाऊ टाकायला सांगून ओळख करून द्यायची. आणि शिजवणीच्या दिवसांत तो कामाच्या जागेपासून दूर, सावलीत, लेकरांच्या वाटेवर नसेल असा ठेवायचा.

ताट, लेकरं आणि गुरगुर

कुत्रा खात असताना त्याच्या भांड्यात हात घालून ‘सवय’ लावायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातून तो एवढंच शिकतो की माणूस जवळ आला की जेवण जातं. उलटं करावं. तो खात असताना जवळून जाताना एखादा चांगला तुकडा भांड्यात टाकून पुढे जायचं. माणूस येणं म्हणजे काहीतरी जास्त मिळणं, हे त्याच्या डोक्यात बसतं.

लहान मुलांना बहुतेक वेळा ओळखीचाच कुत्रा चावतो, आणि मुलाची उंची कमी असल्याने चावा चेहऱ्याजवळ लागायची शक्यता जास्त. त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आणि कुत्र्याला एका खोलीत एकटं सोडायचं नाही, कुत्रा कितीही गरीब असला तरी. मुलालाही तीन गोष्टी शिकवाव्या लागतात: झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, खाताना जवळ जायचं नाही, गळ्यात पडायचं नाही. मुलांसोबतच्या ‘क्यूट’ व्हिडिओंमध्ये कित्येकदा कुत्रा मान फिरवत असतो, ओठ चाटत असतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असतो. ती त्याची विनवणी असते, आणि तिच्यावर लाइक्स पडत असतात.

दिवाळी, वराती आणि डीजे

फटाक्यांनी थरथरणाऱ्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, हा समज खोटा आहे. भीती ही भावना आहे, ती युक्ती नाही. लाड केल्याने ती पक्की होत नाही. रस्त्यापासून लांबची खोली, बंद खिडक्या, पंखा किंवा टीव्हीचा आवाज, पलंगाखाली त्याची गोधडी एवढं आधीच तयार ठेवावं. संध्याकाळी लवकर फिरवून आणावं, आणि गळ्यात मालकाचा फोन नंबर लिहिलेला पट्टा असावा. सणाच्या दोन महिने आधीपासून फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून, सोबत खाऊ देत, दिवसागणिक थोडा थोडा वाढवत नेला तर पुष्कळ फरक पडतो. फार घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी पशुवैद्य औषध देऊ शकतात. माणसाच्या झोपेच्या गोळीचा तुकडा स्वतःच्या मनाने द्यायचा नाही.

वळण नव्हे, आजार

कालपर्यंत शांत असलेला कुत्रा अचानक चावायला लागला, घरात शू करायला लागला, हात लावू देईना, तर आधी पशुवैद्य, मग प्रशिक्षण. कानाचं इन्फेक्शन, दात, सांधे, गोचीड ताप, मूतखडा, यांतलं काहीही असू शकतं. वसमतहून परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि नांदेड शहर दोन्ही फार लांब नाहीत. नसबंदीने नराचं भटकणं आणि जागोजागी खुणा करणं बऱ्याचदा कमी होतं, पण त्यामुळे उड्या मारणं थांबेल किंवा भित्रा कुत्रा धीट होईल असं नाही.

वागण्यातला अचानक बदल, लाळ गळणं, आवाज बदलणं, गिळता न येणं, लटपटणं ही रेबीजची लक्षणं असू शकतात. अशा कुत्र्याच्या तोंडात काही अडकलंय का, हे हात घालून बघायला जाऊ नये.

आणि हळदीच्या तालुक्यात हे वेगळं सांगावं लागतं: कुत्रा चावलेल्या जखमेत हळद भरायची नाही. तिखट, चुना, तेल, माती काहीच नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. घरचा, लस घेतलेला कुत्रा असला तरी जायचं, पिल्लाचा दात लागून रक्त आलं तरी जायचं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण त्याची वाट बघत माणसाची लस थांबवत नाहीत. जखम खोल असेल किंवा चेहऱ्याला-हाताला असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते विचारून घ्यावं. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लसीचे सगळे डोस डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखांनाच पूर्ण करायचे, मधेच बरं वाटलं म्हणून सोडायचे नाहीत.